शेजारी मोजणारा आकडा

आमच्या कॉम्प्युटर रूमच्या दारावर एक पाटी आहे: 'परवानगीशिवाय कशालाही हात लावू नये.' देहूरोडच्या मुलांना अशा पाट्या नव्या नाहीत. हे गावच छावणीचं. दारूगोळ्याचा डेपो, ऑर्डनन्स फॅक्टरी, जुना मुंबई-पुणे हायवे आणि लोकलचं स्टेशन, या सगळ्यांच्या मधोमध आमच्या वस्त्या आणि बाजार. तारेच्या कुंपणावरची 'प्रवेश निषिद्ध' ही अक्षरं इथली मुलं पहिलीच्या पुस्तकाआधी ओळखतात. हात लावू नये म्हटलं की लावायचा नाही, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं.

गेल्या पावसाळ्यात एका ऑफ तासाला मी सातवीच्या वर्गाला त्या रूममध्ये घेऊन बसले. कॉम्प्युटरचे सर रजेवर होते. मी उर्दू आणि मराठी शिकवणारी, मला तिथलं फारसं काही कळत नाही, पण बाहेर धो धो पाऊस आणि वर्गात गोंधळ, म्हणून किल्ली मागून घेतली. दहापैकी सहा मशीन चालू झाल्या. त्याही इतक्या जुन्या की अजून विंडोज एक्सपीवर चालतात. मुलं चाळीसच्या आसपास. दोन मिनिटांत प्रत्येक मशीनसमोरच्या खुर्चीत एक मुलगा बसला होता आणि माउस त्याच्या मुठीत होता. त्याच्या खांद्यावरून वाकून सूचना देणारे आणखी दोन-तीन मुलगे. आणि त्यांच्याही मागे ओढण्या सावरत, टाचा उंचावून पाहणाऱ्या मुली.

एकीला विचारलं, "तू काय करतेस?"

"टीचर, बघते."

"खेळायचं नाही?"

"मला येत नाही ना."

"आणि त्याला येतं?"

ती हसली. म्हणाली, "त्याला पण येत नाही. पण तो दाबतो."

तिचं ते 'पण तो दाबतो' माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून हा लेख.

स्क्रीनवर माइनस्वीपर होता. करड्या चौकोनांची जाळी, वर एक पिवळा हसरा चेहरा. ज्यांनी 2000 च्या आगेमागे कॉम्प्युटर शिकला, त्यांना हा खेळ नक्की आठवत असेल. मलाही आठवला, आणि थोडी लाज वाटली. कारण हा खेळ मी कित्येक वर्षं खेळले आणि एकदाही समजून खेळले नाही.

आमच्या पिढीचा कॉम्प्युटर म्हणजे एमएस-सीआयटी. 2001 साली एमकेसीएलने हा कोर्स सुरू केला आणि पाहता पाहता महाराष्ट्राच्या गल्लीबोळांत त्याचे क्लास निघाले. सरकारी नोकरी हवी, शिक्षक व्हायचंय, तर ते प्रमाणपत्र हवं. मी बी.एड.च्या सुमारास तो क्लास लावला. घरात कॉम्प्युटर नव्हता. सायबर कॅफे होते, पण तिथे मुलींनी जायचं नाही, हे कुणी न सांगताही ठरलेलं होतं. माझा धाकटा भाऊ मात्र तासाला पंधरा-वीस रुपये देऊन तिथे बिनधास्त बसायचा. क्लासमध्ये पहिल्या दिवशी माउस हातात धरला तेव्हा बाण स्क्रीनच्या एका कडेला जाऊन अडकला, आणि मी माउस टेबलावरून उचलून हवेत फिरवला. सगळा क्लास हसला. शिकवणारे सर म्हणाले, "मॅडम, आधी आठ दिवस पत्ते खेळा."

पत्ते म्हणजे सॉलिटेअर. सरांचं म्हणणं अगदीच गंमत नव्हती. 1990 साली विंडोज 3.0 सोबत हा खेळ आला. वेस चेरी नावाच्या, तिथे शिकाऊ म्हणून लागलेल्या एका तरुणाने तो लिहिला होता आणि पत्त्यांची चित्रं सुझन केअर यांनी काढली होती. लोकांना तोवर कीबोर्डवर आज्ञा टाइप करायची सवय. माउसने एखादी वस्तू पकडायची, ओढत न्यायची आणि हवी तिथे सोडायची, ही कसरत पत्त्यांच्या निमित्ताने हाताला बसली. 1992 मध्ये विंडोज 3.1 सोबत माइनस्वीपर आला. रॉबर्ट डॉनर आणि कर्ट जॉन्सन यांनी लिहिलेला. त्यात डावं बटण घर उघडतं आणि उजवं बटण झेंडा लावतं. नेमक्या जागी आणि नेमक्या बटणाने क्लिक केलं नाही तर डाव संपतो. खेळता खेळता माउस शिकवणारे हे दोन बिनपगारी मास्तर होते, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

पण आमच्या घरी पत्ते म्हणजे जुगार. एकदा अब्बू मला न्यायला क्लासला आले आणि स्क्रीनवर बदाम राणी पाहून दारातच थबकले. रस्ताभर काही बोलले नाहीत. घराजवळ आल्यावर एवढंच म्हणाले, "बेटा, फी कशाची भरलीय आपण?" दुसऱ्या दिवसापासून मी पत्ते सोडले आणि माइनस्वीपर धरला. त्यात राजा-राणी नव्हते, नुसते आकडे होते. लांबून गणितासारखं दिसायचं.

आणि तो मी खेळायचे कसा? नशिबावर. एक घर दाबायचं. उघडलं तर अल्हम्दुलिल्लाह, फुटलं तर पुन्हा पिवळ्या चेहऱ्यावर क्लिक. ते आकडे कशाचे आहेत, हे मी कधी विचारलं नाही. क्लासच्या सरांनी सांगितलं नाही, मला विचारायची हिंमत झाली नाही. विचारलं तर 'एवढंही कळत नाही' असं ठरेल ही भीती. माउस हवेत फिरवल्याचं हसू अजून कानात होतं. म्हणून मी जाणकाराचा चेहरा करून दाबत राहिले.

तर त्या पावसाळी तासाला मी एका मुलाला उठवलं आणि त्या मुलीला खुर्चीत बसवलं. मुलांनी कुरकुर केली. मी म्हटलं, "आता कुणी सूचना द्यायच्या नाहीत. ती एकटी करेल."

तिने पहिलं घर दाबलं. बरीच मोकळी जागा उघडली आणि काठाने आकडे उमटले: 1, 1, 2, 1, 3. तिने आणखी एक घर दाबलं. फुटलं. मागून हशा. पुन्हा डाव, पुन्हा फुटलं. तिसऱ्यांदा फुटलं तेव्हा मुलगे ओरडले, "चेहऱ्यावर क्लिक कर, चेहऱ्यावर!" ते स्वतः असंच करत होते, फुटलं रे फुटलं की नवा डाव. तिने केलं नाही. ती तशीच बसून राहिली.

हरल्यावर हा खेळ एक उपकार करतो. लपलेले सगळे सुरुंग दाखवून देतो. पिवळ्या चेहऱ्याच्या डोळ्यांवर फुल्या पडतात, पण पाटावर सगळं उघडं असतं. ती हरलेला पाट पाहत होती. मग तिने एका 3 वर बोट ठेवलं, भोवतीचे सुरुंग मोजले. एका 2 वर ठेवलं, मोजले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "टीचर, हा आकडा शेजारी मोजतो!"

वीस वर्षांत मला जे सुचलं नव्हतं, ते तिला दहा मिनिटांत सापडलं. तिची बुद्धी माझ्याहून तेज असेलही, पण सापडलं ते एका साध्या गोष्टीमुळे. हरल्यावर पळून न जाता तिने आपली हार नीट पाहिली.

ज्यांनी माझ्यासारखा हा खेळ आंधळेपणाने खेळला असेल, त्यांच्यासाठी तो थोडक्यात सांगते. सोप्या पातळीवर 9 गुणिले 9, म्हणजे 81 घरं आणि त्यात 10 सुरुंग. साधारण आठ घरांमागे एक. सगळ्यात अवघड पातळीवर 480 घरांत 99, म्हणजे पाच घरांमागे जवळपास एक. पहिल्या क्लिकला सुरुंग कधीच लागत नाही, तेवढी सवलत आहे. पाटाच्या मधल्या घराला आठ शेजारी, काठावरच्या घराला पाच, कोपऱ्यातल्याला तीन. उघडलेल्या घरातला आकडा एवढंच सांगतो, की माझ्या शेजाऱ्यांपैकी इतक्या घरांत सुरुंग आहे. कुठल्या घरात, ते सांगत नाही. आकडाच उमटला नाही तर आजूबाजूला काहीच नाही, म्हणून खेळ ते शेजारी आपोआप उघडून देतो.

आता यातून पुढे कसं जायचं? समजा एका आकड्याच्या घरात 1 आहे आणि त्याच्या शेजारचं एकच घर बंद उरलंय. मग सुरुंग तिथेच, दुसरीकडे जागाच नाही. हे झालं सोपं. पण समजा सलग तीन घरांत 1, 2, 1 असे आकडे आहेत आणि बंद घरं फक्त त्यांच्या वरच्या ओळीत आहेत. मधल्या 2 ला वरची तीन घरं दिसतात. त्या तिघांतल्या मधल्या घरात सुरुंग आहे असं क्षणभर धरून चालू. मग 2 पुरे व्हायला उरलेल्या दोघांपैकी एकात, समजा डावीकडच्या घरात, दुसरा हवा. पण तसं झालं तर डावीकडच्या 1 ला दोन सुरुंग शेजारी मिळतात. त्याचा हिशेब चुकतो. उजवीकडे धरलं तरी तेच. म्हणजे आपलं गृहीतच खोटं. मधलं घर सुरक्षित, सुरुंग दोन्ही बाजूंना.

नववी-दहावीच्या भूमितीत यालाच अप्रत्यक्ष सिद्धता म्हणतात. विरुद्ध गोष्ट खरी मानायची आणि ती कुठे अडखळते ते पाहायचं. आमची मुलं ती सिद्धता पाठ करतात. माउस हातात असताना तीच मुलं ती करून दाखवतात, आणि आपण काही अवघड केलं हे त्यांच्या ध्यानातही येत नाही. 2000 साली रिचर्ड के या ब्रिटिश गणितज्ञाने दाखवून दिलं, की माइनस्वीपरचा एखादा पाट सुसंगत आहे की नाही हे ठरवण्याचा सर्वसाधारण प्रश्न गणितातल्या अतिशय अवघड मानल्या जाणाऱ्या प्रश्नांच्या गटात मोडतो. ऑफिसात वेळ घालवायचा खेळ म्हणून ज्याला आपण हसतो, त्याच्या पोटात एवढं आहे.

आता माझ्या विषयाकडे येते.

आम्ही बी.एड.ला ब्रूनर वाचला. मुलाने ज्ञान स्वतः शोधावं, हे त्याचं म्हणणं आम्ही परीक्षेत दहा गुणांसाठी लिहिलं. पुढे 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर ज्ञानरचनावादाची प्रशिक्षणं झाली, भिंती रंगल्या, फरशीवर आकडे उमटले. आणि वर्गात मी काय करत राहिले? शुद्धलेखनाच्या वहीवर लाल पेनने गोल. वही परत, पुढचा धडा. हरलेला पाट कुणी पाहिलाच नाही. मुलांनी नाही, मीही नाही.

उर्दू बोलणाऱ्या घरातली मुलं मराठीत 'माझी पुस्तक' लिहितात. मी वर्षानुवर्षं त्यावर गोल काढला आणि 'माझं पुस्तक' असं वर लिहिलं. पण त्या चुकीत कायदा आहे. उर्दूत किताब स्त्रीलिंगी, आणि उर्दूत नपुंसकलिंग नाहीच. मुलाने डोकं न वापरता लिहिलेलं नाही, शेजारच्या भाषेचा हिशेब लावून लिहिलंय. त्या पावसाळी तासानंतर मी एक बदल केला. गोल काढते, पण वर उत्तर लिहीत नाही. मुलाला बोलावून विचारते, "कशावरून?" पहिल्या महिन्यात मुलं घाबरली, कारण आपल्याकडे 'कशावरून' हा शब्द फक्त रागावताना वापरतात. आता ती उत्तर देतात. एका मुलाने तर मलाच विचारलं, "टीचर, मग खुर्ची बाई का आणि टेबल बाई का नाही?" मला उत्तर देता आलं नाही. दोघं मिळून हसलो.

आता आक्षेपांबद्दल. ते खरे आहेत, टाळून चालणार नाही.

मुलांना शाळेत खेळ खेळवला ही बातमी घरी पोचली. एका मुलीचे अब्बा चाकणला कंपनीत जातात, रात्रपाळी उतरून तसेच शाळेत आले. म्हणाले, "मॅडम, घरी मोबाईल सुटत नाही म्हणून आम्ही रडतो, आणि तुम्ही शाळेत गेम लावून देता?" दुसऱ्या एका बुजुर्गांनी लहवो-लअबची आठवण करून दिली. माणसाला त्याच्या जबाबदाऱ्यांपासून दूर नेणारी निरर्थक करमणूक, ती टाळावी, ही आपली शिकवण. माझा तिला विरोध नाही. पण प्रत्येक खेळ त्यात मोडतो का, यावर खुद्द फकिहांमध्ये मतभेद होते. शतरंजाबद्दल काहींनी कडक मनाई सांगितली, तर काहींनी पैज नसेल आणि नमाज चुकत नसेल तर सवलत दिली. दहाव्या शतकात अब्बासी खलिफांच्या बगदादेत अबू बक्र अस-सूली नावाचे विद्वान होते. साहित्यिक, इतिहासकार, आणि त्या काळातले शतरंजाचे सर्वश्रेष्ठ खेळाडू. त्यांनी मांडलेलं शतरंजाचं एक कोडं सुमारे हजार वर्षं सुटलं नव्हतं. डोक्याला ताण देणारा खेळ आणि इल्म यांचं आपल्या परंपरेत वैर नाही. कुरआनात तर पुन्हा पुन्हा विचारलं जातं, की तुम्ही अक्कल का वापरत नाही?

त्या अब्बांना मी एवढंच म्हटलं, "भाई, मोबाईलवरचा गेम आणि हा, दोन्ही एकदा शेजारी ठेवून बघा." मोबाईलवरचे बरेच खेळ तुम्हाला उठू न देण्यासाठीच बनवलेले असतात. हरलात तर जाहिरात बघा आणि पुढे चला, अडलात तर पैसे भरा. तिथे हार पाहायला कुणी थांबवत नाही, कारण थांबलेल्या माणसाकडून कमाई होत नाही. जुना माइनस्वीपर काही मागत नव्हता. डाव संपला की गप्प बसायचा. 2012 मध्ये विंडोज 8 आलं तेव्हा हे जुने खेळ सोबत देणं बंद झालं. आता ते वेगळे उतरवून घ्यावे लागतात, आणि त्यांतही जाहिराती आल्या. लिनक्सवर 'माइन्स' नावाचा असाच खेळ विनाजाहिरात मिळतो. शाळांनी तो घ्यावा.

तरी वेळेचं बंधन हवंच. वीस मिनिटं, आठवड्यातून एकदा, तेवढं पुरे. हा खेळही डोळे दुखेपर्यंत खेळला तर लहवो-लअबच. त्या अब्बांचं म्हणणं मी तेवढं मान्य केलं, त्यांनी माझं तेवढं. मुलीच्या नावाची चिठ्ठी देऊन गेले, की हिला बसू द्या, पण अभ्यासाआधी नको.

आणखी एक आक्षेप माझ्या स्वतःच्याच मनात आला होता. सुरुंगाचा कसला खेळ? सुरुंग ही खरी गोष्ट आहे. युद्ध संपल्यावर शेतात, पाणवठ्यावर माणसांचे पाय नेणारी. 1997 मध्ये ओटावा इथे माणसांवर वापरायच्या सुरुंगांवर बंदीचा करार झाला, भारत त्यात सामील नाही. इटलीत या खेळाच्या नावावरूनच मोहीम निघाली होती, आणि 2007 च्या विंडोज व्हिस्टात सुरुंगांऐवजी फुलं दाखवण्याची सोय आली. दारूगोळ्याच्या डेपोशेजारी राहणाऱ्या मुलांसमोर ही गोष्ट बोलली पाहिजे. मी बोलले. एका मुलाचे आजोबा डेपोतून रिटायर झालेत. तो म्हणाला, "नाना म्हणतात, घाई करणारा माणूस तिथे टिकत नाही." वर्गात एकदम शांतता झाली.

आता तो शेजारी मोजणारा आकडा.

त्या दिवसापासून एक गोष्ट मनातून जात नाही. आठ घरांच्या मध्ये 1 लिहिलेला आहे. म्हणजे एका घरात सुरुंग आहे आणि सात घरांत नाही. नवशिका खेळाडू काय करतो? घाबरून आठही घरांवर लाल झेंडे लावतो. आता तो सुरक्षित आहे असं त्याला वाटतं. पण डाव पुढे सरकत नाही. या खेळात झेंडे लावून कुणी जिंकत नाही. सुरुंग नसलेलं प्रत्येक घर उघडलं तरच डाव जिंकला जातो. झेंडा एकही लावला नाही तरी चालतं, पण सुरक्षित घर बंद ठेवून चालत नाही.

आपण, म्हणजे या देशात मुसलमान नाव घेऊन जगणारी माणसं, त्या आठ घरांत राहून पाहिलेली आहोत. कुठे काही फुटलं, की बातमीतल्या एका नावाने गल्लीतल्या सगळ्या दारांवर झेंडे लागतात. भाड्याचं घर शोधताना नाव सांगितल्यावर फोनवर पडणारी शांतता मला माहीत आहे. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर आपणही हे करतो. एका शेजाऱ्याने टोमणा मारला की 'ते सगळे तसलेच' म्हणून मोकळे होतो. एक मुलगी कॅफेत जाऊन फसली, म्हणून वस्तीतल्या सगळ्या मुलींचा माउस काढून घेतो. आकडा एकच सांगत असतो, आपण आठ वाचतो.

खेळ म्हणतो, दुसऱ्या आकड्यालाही विचार. एका साक्षीने सगळ्यांना दोषी ठरवू नकोस, शेजारच्या साक्षीशी ताडून पाहा. आणि जुन्या माइनस्वीपरमध्ये एक सुंदर सोय होती. उजवं बटण एकदा दाबलं की झेंडा, पुन्हा दाबलं की झेंड्याच्या जागी प्रश्नचिन्ह. म्हणजे शंका आहे, निकाल नाही. आपल्या बोलण्यातून हे प्रश्नचिन्ह हरवत चाललंय.

कधी कधी असंही होतं, की सगळे आकडे विचारून झाले तरी शेवटी दोन घरं उरतात आणि सुरुंग कुठल्याही एकात असू शकतो. तिथे तर्क संपतो. मग बिस्मिल्लाह म्हणून दाबावं लागतं. आधी उंट बांधायचा, मग भरवसा ठेवायचा, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून आहे. मी वीस वर्षं उंट न बांधताच भरवसा ठेवत होते, हाच काय तो फरक.

शेवटी पुन्हा ती माउसमागची रांग. 1999 साली सुगत मित्रांनी दिल्लीत कालकाजीला एका भिंतीत कॉम्प्युटर बसवला आणि झोपडपट्टीतली मुलं तो आपापली शिकली, हे शिक्षकांच्या प्रशिक्षणात आम्हाला नेहमी सांगतात. ते खरंच आहे. पण अशा उघड्या भिंतीशी मोठे, दांडगे मुलगे आधी पोचतात, यावरही नंतर बोट ठेवलं गेलं. नुसतं यंत्र ठेवून भागत नाही. माउस कुणाच्या हातात जातो, हे शिक्षकाने पाहावं लागतं.

आमच्या रूममध्ये आता तीन नियम आहेत. दहा मिनिटांनी खुर्ची बदलायची, आणि पहिली पाळी मागे उभ्या असलेल्यांची. खुर्चीतल्याला कुणी उत्तर सांगायचं नाही, विचारायचं फक्त 'कशावरून?' आणि डाव फुटला तर पिवळ्या चेहऱ्याला हात लावण्याआधी हरलेला पाट मनात दहा मोजेपर्यंत पाहायचा. तिसरा नियम मुलांना सगळ्यात जड जातो. मलाही.

पाटी अजून दारावर आहे, ती काढायचा अधिकार माझा नाही. पण त्या मुलीने खडूने तिच्याखाली बारीक अक्षरात लिहून ठेवलंय: 'परवानगी टीचरकडे मिळेल.' शिपाईमामा रोज पुसतात, आणि ती रोज लिहिते. परवा तिने 'मिळेल' पुसून 'आहे' केलं. मी काही लाल गोल काढला नाही.